झुलते कडे

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळणी होऊन ज्या अमेरिकी धाटणीच्या मोटारी मुंबई इलाख्यात धावू लागल्या, त्यांपैकी एक जुनी डॉज किंग्जवे चुलत्यांकडून वारसाहक्काने माझ्याकडे आली आणि कुळगावच्या दमट हवेशी दावा मांडीत ती आजही आमच्या अंगणात उभी आहे. तिचे सहा सिलिंडरांचे, बाजूला झडपा असलेले इंजिन मूळचे शांत प्रकृतीचे. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर ताशी चाळीस मैलांच्या आसपास तिच्या सर्वांगात कापरे भरू लागले आणि, विलक्षण गोष्ट अशी की, वेग थोडा वाढवताच ते ओसरू लागले.

मिस्त्रींनी इंजिनाचे रबरी माउंटिंग बदलले, प्लग तपासले, टॅपेट बसवले. कापरे होते तेथेच राहिले. टायमिंग पाहू म्हटले, तर गाडी सहा व्होल्टची, म्हणून दिव्यासाठी बारा व्होल्टची स्वतंत्र बॅटरी आणावी लागली; आणि पुढच्या पुलीच्या कड्यावर कोरलेली खूण काट्यापासून इतकी दूर दिसली की त्या टायमिंगवर इंजिन मुळी चालूच नये. या जातीच्या इंजिनात सहाव्या सिलिंडरच्या डोक्यावर एक लहानसा आट्यांचा प्लग असतो. तो काढून आत तार सोडली की पिस्टनची उंची बोटांना कळते, आणि सहावा पिस्टन माथ्यावर असतो तेव्हा पहिलाही असतो. इंजिन हाताने सावकाश फिरवून, तार चढताना व उतरताना एकाच उंचीवर आली तेथे पुलीच्या गाभ्यावर दोन रेघा ओढल्या आणि त्यांचा मध्य काढला. काटा त्या मध्याशी असता कड्यावरची खूण भलतीकडेच होती. टायमिंग बिघडलेच नव्हते. खूणच जागची सरकली होती.

सरकली, कारण ती पुली एकसंध नसते. प्रत्येक स्फोटाचा तडाखा क्रँकशाफ्टला किंचित पिळतो, शाफ्ट पुन्हा उलटा सुटतो, आणि सहा सिलिंडरांच्या लांब शाफ्टच्या स्वाभाविक कंपनाशी तडाख्यांची लय एखाद्या वेगाला जुळली, तर तो पीळ वाढत जाऊन पोलादाला तडा जाण्यापर्यंत मजल जाते. या संकटावर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी कंपशामकाची तजवीज केली. त्याच कुळातला हा हार्मोनिक बॅलन्सर: आतला गाभा शाफ्टवर चावीने घट्ट, बाहेर जड कडे, आणि दोहोंमध्ये रबराचा थर. कडे जडत्वाने मागे रेंगाळते, रबर ताणले जाते आणि कंपनाची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते. आमच्या गाडीतले रबर पुढच्या ऑइल सीलमधून पाझरणाऱ्या तेलाने आणि वयाने कुजले होते.

रेडिएटर उतरवून, पुढचा मोठा नट सोडवून, पुलर गाभ्याला लावून ती वस्तू निघाली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, लेथवर एकजीव बिडाची पुली काढू. जन्मात हलायची नाही." जुन्या टॅक्सीवाल्यांचा हा सर्रास परिपाठ असल्याचा दाखलाही त्यांनी दिला. मी म्हटले, "मिस्त्री, ती हलावी म्हणूनच तर बसवलेली." त्या एकजीव पुलीने खूण जागेवर राहिली असती, बेल्ट सरळ धावला असता, सारे कसे रीतसर दिसले असते, आणि शाफ्ट मात्र विनाजामीन उघडा पडला असता. अशा दुरुस्तीला मी दुरुस्ती मानीत नाही.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला गेलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसलेल्या, 1949 साली नाव मिळालेल्या या नगराच्या मालावरील 'मेड इन यू.एस.ए.'ची थट्टा आपण सर्वांनीच केली आहे. पण अमेरिकी मोटारीचा भाग तेथे खरोखरच नवा व्हावा, हा योग मला फार रुचला. रबर मोल्डिंगच्या कारखान्यातील वृद्ध शेठनी तुकडा नखाने कुरतडला, हुंगला आणि विचारले, "तेल लागतं का याला?" लागते म्हटल्यावर त्यांनी नैसर्गिक रबर नाकारून नायट्राइल मुक्रर केले. गाभा आणि कडे वाळूच्या फवाऱ्याने स्वच्छ झाली, धातूवर चिकटद्रव्य चढले, आणि डायमध्ये दोन्ही समकेंद्र ठेवून, कड्यावरची खूण माझ्या मधल्या रेघेसमोर आणून, दाब व उष्णता देऊन रबर शिजवले गेले. गाभ्यावर सीलने पाडलेल्या खाचेवर पातळ पोलादी बाही बसवली. लेथवर डायल गेज लावून कडे सरळ फिरते की नाही याची खातरजमा झाल्याखेरीज शेठनी मेहनताना घेतला नाही.

बसवताना हातोडा वर्ज्य. ठोके थेट शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगला पोहोचतात. लांब बोल्टने गाभा आट्याआट्याने आत ओढला आणि नवा सील घातला. खूण काट्याशी येऊन ठेपली. अंबरनाथच्या रस्त्यावर चाळीस मैलांचा टप्पा निमूट गेला. डाय मात्र शेठनी परत दिली नाही. "अशा गाड्या अजून आहेत," ते म्हणाले, आणि तिचे पैसे बिलातून वजा केले.