एका हाताची मराठी

गेल्या पावसाळ्यांत माझें उजवें मनगट मोडलें आणि लेखनाचा सारा भार डाव्या हातावर आला. संगणकापुढें बसलों, तेव्हां आपल्या कळफलकाची मौज ध्यानांत आली. १९८६ सालीं प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेंत स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्याकडे. डाव्याच्या कळांवर 'मन' उमटे. 'हात' लिहावयास मात्र त्याला परमुलखांत जावें लागे! माझें मनगट जुळलें. माझ्या वर्गांतल्या एकहाती विद्यार्थ्याचा तो प्रवास चालूच आहे. अमेरिकेंत ऑगस्ट ड्वोराक यांनीं एकेका हातासाठीं इंग्रजीच्या निराळ्या रचना आंखल्या. आमच्या सोलापूरचा हातमागहि पायांना काम वांटून देतो. मराठी अक्षरांची अशी वांटणी कोणी करील काय? तोंवर त्या मुलाला अपंग म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं.