आधी वायर बघा

पाचाडला आमचं छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन अर्ज, एवढाच धंदा. हे कुवेतला असतात, त्यामुळे दुकान मीच सांभाळते. उन्हाळ्यात रायगडावर जाणाऱ्यांची आणि जिजाऊंच्या समाधीला येणाऱ्यांची वर्दळ असते. पावसाळ्यात मात्र गड आठवडे-आठवडे धुक्यात बुडालेला असतो आणि दुकानात येतात ती आसपासच्या वाड्यांतली माणसं. कुणाला सात-बारा हवा असतो, कुणाला पीक विमा भरायचा असतो, कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो. साधी साधी माणसं कागदांची पिशवी आपल्यापुढे ठेवतात आणि विश्वासाने बाकावर बसून राहतात.

मदतीला शेजारचा एक मुलगा येतो. बारावी झालेला, वडील लहानपणीच वारलेले. कॉम्प्युटरवर तोच बसतो. मी पैसे, कागद आणि गिऱ्हाईक बघते.

गेल्या आषाढात एका भिंतीला ओल आली. पाणी बोर्डापर्यंत उतरेल म्हणून एका रविवारी मीच टेबल ओढून समोरच्या भिंतीला लावलं. मॉनिटरची वायर तिथून पुरेना. कपाटात एक जुनी जोडवायर पडली होती, ती मध्ये लावली. पडदा सुरू झाला, माझं काम झालं.

दोन दिवसांनी मुलगा म्हणाला, "काकी, स्क्रीन हलतेय. अक्षरांना सावली पडल्यासारखी दिसते."

मी लांबूनच बघितलं. म्हटलं, "मोबाईलमध्ये डोकं घालून बसतोस रात्रभर, दुसरं काय होणार?" तो गप्प बसला. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तेच म्हणाले.

मग एका आजोबांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज परत आला. बँक खात्याच्या नंबरात इंग्रजी आठच्या जागी तीन पडला होता. आजोबा भर पावसात चालत आले होते आणि दुकानात आणखी चार माणसं होती. त्या सगळ्यांसमोर मी त्या मुलाला बोलले. निष्काळजी म्हणाले, गेम खेळून मॉनिटरही तूच बिघडवलास म्हणाले. त्याने एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

काम तर थांबवता येत नव्हतं. जुहरची नमाज पढून मी स्वतः त्याच्या खुर्चीवर बसले. आजोबांच्या पासबुकाची स्कॅन केलेली प्रत उघडली आणि नंबर वाचायला लागले. आठ होता की तीन, मलाही कळेना. प्रत्येक आकड्याच्या उजव्या बाजूला पुसट सावली होती आणि सगळा पडदा बारीक थरथरत होता. अर्ध्या तासात माझं कपाळ दुखायला लागलं. तो मुलगा रोज सात-आठ तास तिथे बसत होता.

महाडला माझा भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन केला. नवीन मॉनिटरला किती पडतील, हाच माझा पहिला प्रश्न. तो हसला. "खालाजान, घेण्याआधी बघू तर या. मॉनिटरवरचं मेनूचं बटण दाबा. मेनूची चौकट हलतेय का?"

चौकट स्थिर होती, मागचं चित्र हलत होतं. तो म्हणाला, "म्हणजे मॉनिटर बहुधा ठीक आहे. दोष वायरीत किंवा कॉम्प्युटरमध्ये."

मग त्याने टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. बाकी सगळं लुकलुकलं आणि तो एकटा स्थिर राहिला, तर एखादा प्रोग्राम बिघडलेला असतो. तोही लुकलुकला, तर डिस्प्लेचा ड्रायव्हर किंवा वायर तपासायची. आमच्याकडे तोही लुकलुकत होता. त्यानंतर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रेझोल्युशन बघितलं. यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं, तोच ठेवायचा, नाहीतर अक्षरं फिसकटतात. ते बरोबर होतं. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ, तोही बरोबर.

"आता सगळं बंद करा, प्लग काढा आणि वायर हातात घ्या," तो म्हणाला.

निळ्या तोंडाची, १५ पिनांची व्हीजीए वायर. तिला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. मी ते फिरवलेच नव्हते. तोंड नुसतं टेकलेलं होतं. मध्ये माझी जुनी जोडवायर, आणि ती थेट इन्व्हर्टरच्या अंगावरून गेलेली. भाच्याने समजावलं की या वायरीतून चित्र विजेच्या कमी-जास्त लहरींच्या रूपात जातं. वायर लांब आणि हलकी असली की अक्षरांना सावली पडते. शेजारी इन्व्हर्टर असला की त्याची गडबडही तीत मिसळते.

जोडवायर काढली. टेबल कॉम्प्युटरच्या जवळ घेतलं, इन्व्हर्टर लांब सरकवला, स्क्रू हातानेच घट्ट केले. मॉनिटरवरचं ऑटोचं बटण एकदा दाबलं. पडदा स्थिर झाला. आठचा आठ दिसायला लागला. एक रुपया खर्च झाला नाही.

मला खूश व्हायला हवं होतं, पण खुर्चीतून उठवेना. टेबल मी हलवलं होतं, वायर मी जोडली होती. आणि ज्याने दोनदा येऊन सांगितलं, त्यालाच मी चार माणसांत अपराधी ठरवलं होतं.

सूरह हुजुरात आपण किती वेळा पढतो! बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान करून बसाल आणि पस्तावाल, असा तिचा हुकूम आहे. पुष्कळशा संशयांपासून दूर राहा, हेही तिथेच आहे. मी हे नेहमी मोठ्या भांडणांसाठी, खानदानी वादांसाठी आहे असं समजत होते. दुकानातल्या पोरावर डाफरताना ते मला आठवलंही नाही. आणि यतीमावर जोर करू नये, हे तर लहानपणापासून ऐकलेलं.

असरनंतर छत्री घेऊन त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने "या भाभी" म्हणून पाट दिला. मी तिच्यासमोरच त्याला सांगितलं, "चूक माझी होती, बाळा. वायर मी लावली होती. मला माफ कर." तो मान खाली घालून म्हणाला, "काकी, नंबर मीच चुकवला होता." मी म्हटलं, "दिसतच नव्हतं तर तू काय करणार?" त्याने लगेच येतो म्हटलं नाही. त्याची आई चहा टाकायला उठली.

तिसऱ्या दिवशी तो आला. आजोबांना निरोप धाडून बोलावलं, अर्ज दुरुस्त करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. ज्या माणसांसमोर त्याला बोलले होते, ती येतील तसं त्यांनाही सांगितलं की मॉनिटरला काही झालं नव्हतं, वायर मी चुकीची लावली होती. हे सांगणं त्याच्या घरी जाण्यापेक्षा जड गेलं.

तुमच्या घरी मुलांचा कॉम्प्युटर असेल आणि पडदा हलत किंवा पुसट दिसत असेल, तर आधी वायर बघा, दोन्ही टोकांना. मग रेझोल्युशन. शक्य असेल तर दुसरी वायर लावून बघा, किंवा तोच मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला. मॉनिटर मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही आत काही वेळ करंट राहतो, ते कारागिराचं काम आहे. आणि पडदा ठीक असूनही अक्षरं पुसट दिसत असतील, तर मुलाचे डोळे तपासून घ्या.

पण या सगळ्याच्या आधी, तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीवर जाऊन एकदा बसा. मी ते पहिल्याच दिवशी केलं असतं, तर आजोबांची ती पावसातली खेप वाचली असती.