शकुंतलेच्या बरोबरीने...

परवा सकाळी नात वडाळी तलावापर्यंत पळून आली. सुट्टीत पुण्याहून आलीय. घामाने नुसती डबडबलेली. मी कौतुकाने विचारलं, "मजा आली का गं?" मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ती म्हणाली, "आजी, फक्त तीनशे दहा कॅलरी झाल्या." आणि समोरची पोह्यांची बशी बाजूला सारली.

तो 'फक्त' माझ्या डोक्यातून जाईना.

मला माझं पळणं आठवलं. आमचं खेडं मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वेलाईनच्या काठचं. अरुंद रुळांची, कोळशाच्या इंजिनाची शकुंतला इतकी निवांत जायची की आम्ही पोट्टेपोट्टी तिच्या बरोबरीने पळायचो. अनवाणी पायांना पऱ्हाटीची धसकटं टोचायची. डब्यातली माणसं हात हलवायची. कशासाठी पळायचो? कुणी विचारलं असतं तर हसलो असतो. गाडी पळते म्हणून आपणही पळायचं, बस्स!

बाराव्या वर्षी आई म्हणाली, "आता मोठी झाली तू, नीट चालत जा." माझं पळणं तिथेच संपलं. आता तर शकुंतलाही बंद आहे.

व्यायामाला माझा विरोध नाही हं! अमरावतीकराने तसं म्हणणंच पाप. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथे हनुमान आखाडा काढला, त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी थेट जर्मनीत हुतुतू खेळून दाखवला. व्यायाम आणि खेळ एकाच मातीत होते. शुगरसाठी मीही रोज चालते. मुलगा विचारतो, "दहा हजार पावलं झाली का?" या आकड्याची गंमत म्हणजे तो जाहिरातीतून पसरलाय. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' होतं. आकडा जाहिरातीचा, आणि अपराधी आपण!

पण खरी गोष्ट मी अजून सांगितलीच नाही...

दोन वर्षांपूर्वी अकोल्याला एका लग्नात नात बऱ्याच दिवसांनी भेटली. चार बायकांसमोर मी म्हणाले, "काय वं, किती जाडी झाली तू!" आमच्याकडे हे प्रेमानेच म्हणतात. तीही हसली. यावेळी सुनेने सांगितलं की त्याच हिवाळ्यात तिने रात्रीचं जेवण सोडलं आणि पळणं सुरू केलं. वर्गात कुणी कुणाला 'जाड्या' म्हटलं तर मी त्याला उभं करायची. स्वतःच्या नातीला मात्र मीच तसं म्हणाले.

संध्याकाळी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "पोट्टे, माझं चुकलं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, तू एकटीच नव्हतीस गं." माझी सुटका करायला म्हणाली असेल, पण मला ते जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत तलावावर गेले. मी बसून होते. तिथे दोन लहान पोट्ट्यांनी तिला शर्यत लावायला सांगितली. ती पळाली आणि हरली, आणि कंबरेवर हात ठेवून खदखदा हसली! तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. नंतर तिने घड्याळ बघितलंच. घरी येऊन पोहे घेतले, अर्धेच. मी काही बोलले नाही.

असो. आपल्या नातेवाईक मंडळींना एकच विनंती. लग्नाकार्यात पोरीबाळी भेटल्या की 'जाडी झालीस', 'वाळलीस' हे आता पुरे करू या. 'कशी आहेस?' एवढं विचारलं तरी बोलायला पुष्कळ असतं.

आणि तुम्ही उगीचच, नुसत्या आनंदाने, शेवटचे कधी पळालात?