मेणकागद

शाळेच्या कचेरीत एके काळी चक्रमुद्रणाचे यंत्र असे. लोक त्याला सायक्लोस्टाइल म्हणत. परीक्षेच्या दिवसांत त्याची घरघर कानी आली, की दाराबाहेरील मुलांच्या पोटात गोळा उठे!

यंत्राचा सारा जीव एका मेणकागदात. टंकयंत्राची फीत बाजूला सारून कारकून त्यावर अक्षरे उमटवी. आघाताने मेण दूर होई आणि अक्षराच्या आकाराची सूक्ष्म वाट मोकळी होई. तो कागद शाईच्या पिंपावर ताणून बसवायचा व मूठ फिरवायची. एकेका फेऱ्यासरशी शाई त्या वाटांतून झिरपून कोऱ्या कागदावर उतरे. एखादे अक्षर चुकले, तर तांबडा द्रव लावून ते बुजवीत. पण मेणकागदच फाटला, तर सारे काम पुन्हा पहिल्यापासून! छपाई सुबक नसे, हे खरेच. कारकुनाची बोटे मात्र नेहमी काळी.

१८७६ साली अमेरिकेत एडिसनने छिद्रे पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. पुढे हंगेरीत जन्मलेल्या डेव्हिड गेस्टेटनरने लंडनमध्ये अशी यंत्रे घडविली.

कचेरीच्या सोयीसाठी जन्मलेल्या या यंत्राने १९४२ साली निराळेच काम केले. ‘चले जाव’च्या लढ्यात वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईत भूमिगत कार्यकर्ते चक्रमुद्रित पत्रके काढू लागले. छापखान्याला खिळे हवेत, जुळारी हवेत, प्रशस्त जागा हवी. हे यंत्र एका खोलीत मावे; पोलिसांची चाहूल लागताच दुसऱ्या घरी हलविता येई. पत्रक सापडले, तर तुरुंग ठरलेला. तरीही ती फिकट, तिरकी अक्षरे लोक दार लावून वाचीत आणि घडी घालून शेजाऱ्याच्या हाती देत.