आधी भिंत खरवडा

१९९१ साल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर मी बाबासाहेब काढले. आठ फूट उंच. निळा कोट, काखेत संविधान, बोट वर. वर्गणी गोळा झाली होती. कुणी पाच दिले, कुणी दोन. ज्यांच्याकडं रोकड नव्हती त्या बायांनी घरातली जवारी दुकानात घातली. त्या पैशातनं मी शहरातनं अ‍ॅक्रिलिकचे डबे आणले. १४ एप्रिलला सगळी वस्ती भिंतीपुढं उभी राहिली. पोरं म्हणाली, "दादा, डोळे जित्ते हायेत."

पावसाळ्यात बाबासाहेबांचे पापुद्रे सुटले.

पाऊस काही फार नव्हता. पण आधी कोट फुगला, मग भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा रंग सुटून खाली पडायला लागला. मी बाहेरगावी होतो. आलो तेव्हा माय भिंतीखाली बसून निळे तुकडे पदरात वेचत होती.

"राहू दे की," मी म्हणालो.

"पाय पडंल कुनाचा," ती म्हणाली. आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "रंग कच्चा व्हता का रं?"

मला उत्तर आलं नाही. तेव्हा मी स्वतःला पेंटर म्हणवत होतो.

दोस्तहो, तुम्ही चळवळीची पोरं. जयंतीच्या आधी रात्र रात्र जागून भिंती तुम्हीच रंगवता. म्हणून तुमच्यासाठी हे लिहितो.

तालुक्याच्या गावी एका बोर्डपेंटरच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. डबे हलवायचे, ब्रश रॉकेलात धुवायचे, पत्र्याला पॉलिशपेपर मारायचा. अक्षरं बघून बघून शिकलो. पण रंग मिसळायची वेळ आली की उस्ताद माझ्याकडं पाठ करायचा. देवळाचा बोर्ड आला की मला चहा आणायला धाडायचा. विद्या राखून ठेवायची म्हणजे नुसते वेदच राखायचे असतात असं नाही. रंगाचा डबासुद्धा राखतात.

भिंतीच्या डिस्टेंपरात तो सरस घालायचा. सरसाच्या वड्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर विरघळवायच्या. पहिल्यांदा तो वास नाकात गेला आणि मला बाप आठवला. बापानं तरुणपणी गावची मेलेली ढोरं ओढली होती. कातडं एकाकडं जायचं, हाडं गाडीवाला न्यायचा. पुढं त्या हाडांचं काय होतं हे बापाला कधीच कळलं नाही. मला कळलं ते सरसाच्या डब्यात. जनावराची कातडी, हाडं उकळूनच सरस होतो. युरोपातले थोर चित्रकार कॅनव्हासला आधी जो हात देत, त्यातही हाच सरस. काळ्या रंगाच्या ट्यूबवर 'आयव्हरी ब्लॅक' असं लिहिलेलं असतं. नाव हस्तिदंताचं, आत बहुतेक वेळा जाळलेली हाडं. ट्यूबवर बारीक अक्षरात पीबीके ९ असेल तर तो हाडाचा काळा, पीबीके ७ असेल तर काजळीचा. म्हणजे कलेच्या पायाशी आमचा बाप होता. दिवाणखान्यात मात्र त्याला मज्जाव.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या बापापर्यंत ते पोचायला तीस वर्षं लागली. १९५६ नंतर त्यानं हातातला दोर टाकला, तो परत उचलला नाही.

अ‍ॅक्रिलिक मला आवडला तो इथं. त्यात सरस नाही, तेल नाही. प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगतात आणि त्यातच रंगाची पूड असते. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांत मिसळून एकच पातळ पडदा होतो. ओला आहे तोवर पाण्यानं पातळ होतो, वाळला की पाण्यात विरघळत नाही. तेलाच्या रंगाचं तसं नाही. तो हवेतला प्राणवायू घेत घेत वाळतो, जाड थराला आठवडे लागतात. वर टर्पेंटाइनचा वास. दहा बाय दहाच्या खोलीत चूल, अंथरूण, म्हातारी, लेकरं. तिथं ओलं चित्र ठेवणार कुठं? अ‍ॅक्रिलिकला पाणी लागतं, दुसरं काही नाही. आणि पाण्यासाठी आमची माणसं महाडला लाठ्या खाऊन आलेली आहेत.

या कृत्रिम रंगांचा शोध चित्रकारांनी भिंतीसाठीच घेतला. मेक्सिकोतले भित्तिचित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांना कामकऱ्यांसाठी उघड्यावरची चित्रं करायची होती. ऊन-पावसात टिकणारा रंग पाहिजे होता. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कार्यशाळा काढली आणि मोटारींना मारायचे कारखान्यातले रंग तिथं वापरून बघितले. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग चित्रकारांना मिळायला लागले ते १९५० नंतरच्या दहा वर्षांत. म्हणजे हा रंग दिवाणखान्याआधी रस्त्याचा विचार करणाऱ्यांचा आहे.

मग माझा का सुटला?

वर्षभरानं रिकामा डबा माळ्यावर सापडला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. भिंत कशी असावी, आधी काय लावावं, पाणी किती घालावं. मी ते वाचलंच नव्हतं. 'शिका' म्हणून सांगणाऱ्या माणसाचं चित्र काढायला निघालो, आणि डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही! उस्तादाला शिव्या देणं सोपं. हा डबा तर माझ्याच हातात होता.

समाजमंदिराच्या भिंतीला आधीचा ऑइलपेंट होता. गुळगुळीत, चकचकीत. मला वाटलं, छान सपाट आहे. पण अ‍ॅक्रिलिक पाण्याचा रंग. तो तेलाच्या चकाकीला धरत नाही. अ‍ॅक्रिलिकवर तेलाचा रंग चालतो, तेलावर अ‍ॅक्रिलिक चालत नाही. माझा रंग भिंतीवर नुसता टेकला होता. मागनं ओल आली आणि तो सुटला.

१९९२ च्या मार्चात आम्ही परत भिंत घेतली. या वेळी जे केलं ते तसंच सांगतो.

आधी खरवड. सुटलेला रंग, जुना ऑइलपेंट, चुन्याचा भुगा, सगळं पत्रीनं आणि तारेच्या ब्रशनं काढलं. चार पोरांना तीन दिवस लागले. हात फिरवला की हाताला पांढरं लागता कामा नये. लागलं तर अजून खरवडा. मग धुवा, पूर्ण वाळू द्या. ओल येत असेल तर ती कुठनं येते ते आधी शोधा. रंगानं ओल थांबत नाही. नवा गिलावा असेल तर निदान महिनाभर हात लावू नका. भेगा पुट्टीनं बुजवा. मग बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर मारा. कॅनव्हास, पुठ्ठा किंवा फळी असेल तर अ‍ॅक्रिलिक जेसोचे दोन हात.

फोटोवर पेन्सिलीनं चौकडी आखा. तेवढीच घरं भिंतीवर दोरी मारून मोठी करा. गेरूत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणायची, मधनं ओढून सोडायची. सरळ रेघ उमटते. एक एक घर बघून उतरवायचं. चष्म्याची जागा आधी धरा, म्हणजे चेहरा चुकत नाही.

रंगात पाणी बेतानं. पातळ पाहिजे म्हणून पाणी ओतत गेलं की प्लास्टिकचे कण विरळ होतात, पडदा कच्चा राहतो. पातळ पारदर्शक हात पाहिजे असेल तर पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम घाला. एक जाड थापण्यापेक्षा तीन पातळ हात द्या. उन्हानं तापलेल्या भिंतीवर रंग मारू नका, ब्रश फिरेपर्यंत वाळतो. आम्ही पहाटे पाचला लागायचो आणि नऊला ब्रश ठेवायचो.

ओला रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर गडद होतो, कारण ओलेपणी ते प्लास्टिक दुधासारखं पांढरट असतं. म्हणून चेहऱ्याचा रंग थोडा उजळ मिसळा, भिंतीच्या कोपऱ्यात लावून वाळवून बघा. ताटात ओलं फडकं, त्यावर बटरपेपर, त्यावर रंग. असं केलं की रंग लवकर सुकत नाही. ब्रश नायलॉनचे घ्या. हातातलं काम थांबलं की ब्रश पाण्यात. एकदा रंग वाळला की ब्रश गेलाच. ते धुतलेलं पाणी ओढ्यात टाकू नका, त्यात प्लास्टिक असतं.

आता निळा. प्रशियन ब्लू चुन्याच्या भिंतीवर टिकत नाही, चुना त्याला खातो. थॅलो ब्लू, म्हणजे पीबी १५, ऊन आणि चुना दोन्ही सोसतो. अल्ट्रामरीन, पीबी २९, म्हणजे माय पांढऱ्या कपड्यांना घालायची ती नीळच. मी कोटाच्या सावलीला थॅलो घेतला आणि उजेडाला अल्ट्रामरीन.

तो कोट टिकला. मधे मधे हात मारावा लागला, पण पापुद्रा सुटला नाही. आता बोर्डपेंटरचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला आहे. जयंतीला फ्लेक्सवर बाबासाहेब एवढेसे आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं ढीगभर. एक वारा आला की फाटतो आणि नालीत पडतो. तिथं वेचायला कुणाची माय बसत नाही.

माय गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. लुगड्याच्या फडक्यात ते १९९१ चे तुकडे बांधून ठेवलेले होते. निळा तसाच, कालच मारल्यासारखा. उलटून बघितलं तर मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत. भिंतीचा कणसुद्धा लागलेला नाही.

रंग कच्चा नव्हता, माय.

पोरांनो, आपल्याकडं चकचकीत जुन्या थरावर नवा रंग मारायची घाई फार आहे, भिंतीवर आणि भिंतीबाहेरही. वरनं कितीही निळा मारा. खालचा थर तसाच ठेवला तर पहिल्या पावसात सुटणार. पत्री घ्या, तारेचा ब्रश घ्या. डब्याची मागची बाजू वाचा. इंग्रजी येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडनं वाचून घ्या. आणि कळलं की दुसऱ्याला सांगताना पाठ करून उभे राहू नका.

जय भीम.