चौथ्या वर्षाचा तक्ता

प्रिय चिऊ,

तू पाठवलेली मेडिकलच्या चौथ्या वर्षाची एक्सेल शीट रात्री नीट पाहिली. प्रत्येक ब्लॉकला वेगळा रंग दिलायस, छान दिसतंय. पण सगळा तक्ता रेसिडेन्सीच्या अर्जापाशी येऊन थांबतो. माझं म्हणणं असं, की सप्टेंबरपर्यंतचे महिने तुझ्याबद्दल मत देणाऱ्यांसाठी ठेव आणि पुढचे तुझ्यासाठी.

अर्ज सप्टेंबरअखेर प्रोग्रॅमवाले उघडतात. २०२२ पासून स्टेप वनच्या परीक्षेला नुसतं पास-नापास उरलं, त्यामुळे सगळा भार स्टेप टूवर आला. कोअर क्लर्कशिप संपल्या की वाचलेलं ताजं असतं, तेव्हाच ती देऊन टाक.

सब-इंटर्नशिप तू जुलैत टाकलीस, ती मला खटकली. १ जुलैच्या आसपास नवे इंटर्न रुजू होतात. ऑर्डर कुठे टाकायची, हे त्यांनाच माहीत नसतं आणि अटेंडिंगचं सगळं लक्ष त्यांच्यावर. ऑगस्ट माग. लॉटरीत नाही मिळाला तर जून घे. तेव्हाचा इंटर्न वर्षभर मुरलेला असतो, शिकवतोही. आणखी एक, जे कुठल्या हँडबुकात लिहीत नाहीत: बऱ्याच वॉर्डांत अटेंडिंग दोन आठवड्यांनी बदलतात. अदलाबदल तुझ्या ब्लॉकच्या अध्येमध्ये आली, तर एकालाही तू पुरती दिसत नाहीस आणि शिफारसपत्र गुळमुळीत येतं. कोण कधी आहे ते कोऑर्डिनेटरला आधी विचार. पत्र मागायचं ते त्यांचा शेवटचा दिवस संपायच्या आत, समोर उभं राहून.

अवे रोटेशन काढून टाक. ऑर्थोपेडिक्सवाली मुलं महिना-महिना बॅग घेऊन गावोगाव फिरतात, त्यांना ते चुकत नाही. तुला इंटर्नल मेडिसिन करायचंय. परक्या शहरात घरभाडं कशाला भरतेस?

ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती. तिथे रेडिऑलॉजी ठेवलीस ते बरोबर, दुपार मोकळी मिळते. डिसेंबरात पुण्याला लग्नाला जायचं म्हणतेस, तर जा. मुलाखती बहुतेक ऑनलाइनच असतात. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. फक्त हळदीच्या दिवशी एकही घेऊ नकोस.

आयसीयू मात्र सप्टेंबरमधून उचल आणि एप्रिलमध्ये टाक. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी रेसिडेन्सीची मॅच लागली की सगळा वर्ग सुस्तावतो, ‘आता काय उरलं’ म्हणत सोप्यात सोपी इलेक्टिव्ह शोधतो. मला हे कधी पटलं नाही. जुलैत रात्री दोन वाजता नर्स फोन करेल तो तुलाच, आणि व्हेंटिलेटर, पोटॅशियम, पडलेलं ब्लडप्रेशर यांच्यावरून तुझा हात नुकताच फिरलेला असावा. फेब्रुवारीत पॅलिएटिव्ह केअरही घे. नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, हे तिथे शेजारी बसून बघायला मिळतं. पुढे रेसिडेन्सीत तेवढी सवड नसते.

पदवीदान मे महिन्यात. आजीला आणायचं असेल तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं दादाला आत्ताच बघायला सांग. ती रांग तुमच्या लॉटरीहून लांब असते.

तुझी,
आत्या