बूच

प्रवासाला निघालेल्या माणसाची पेटी उघडून पाहावी. त्याच्या स्वभावाचा निम्मा पत्ता तिथेच लागतो. कुणी आठ दिवसांसाठी आठ रुमाल घेतो आणि नववा ‘असू द्या’ म्हणून घेतो. कुणाच्या कपड्यांच्या घड्यांत लोणच्याची बरणी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून निजलेली असते. आमच्या घरातल्या बायकांना तर मेतकूट आणि चिवडा घेतल्याशिवाय सीमोल्लंघन करताच येत नाही. या मंडळींना आपण हसतो. पण खरे म्हणजे ती सामान नेतच नसतात. घर सोडताना घराचा एक तुकडा बरोबर नेत असतात.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात सिॲटलहून अलास्काला जाणाऱ्या एका भल्यामोठ्या जहाजावर मी चढलो, तेव्हा माझ्या पिशवीत असाच एक तुकडा होता. फक्त तो बाटलीत होता. बाटली वाईनची होती आणि तिच्याबरोबर बूच काढायचा स्क्रूही होता.

मला ओळखणाऱ्यांना हे खरे वाटणार नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याच्या सावलीत वाढलेली आमची पिढी. आमच्या घरात द्राक्षाशी संबंध असलेली एकच बाटली होती, ती म्हणजे द्राक्षासवाची. आजारातून उठलेल्याला आई ते दोन चमचे पाजी. तेही आंबवूनच तयार होते आणि त्यातही मद्यार्क असतो, हे मला फार पुढे कळले. आईला ते कधीच कळले नाही, हे एका परीने बरेच झाले.

ही बाटली माझ्या धाकट्या भावाने दिली होती. तो दिंडोरीच्या बाजूला आमची वडिलोपार्जित शेती करतो. तिथे आमचा द्राक्षबाग होता; खायच्या द्राक्षांचा. नाशिक जिल्ह्यात वाईनचे वारे १९९० नंतर वाहू लागले. राजीव सामंत कॅलिफोर्नियातून परतले, त्यांनी नाशिकजवळ वाईनच्या वेली लावल्या, २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली, आणि २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचे खास धोरण जाहीर केले. भाऊ ते सारे बघत होता. २००६ मध्ये त्याने एका कारखान्याशी करार केला आणि दोन एकरांत शिराझ लावली.

आमचे वडील, म्हणजे नाना, माळकरी. आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही. आपल्या रानातल्या द्राक्षांची दारू होणार हे कळल्यावर ते भावाशी दोन महिने बोलले नाहीत. बागेकडे जाणारी वाट सोडून ते विहिरीला वळसा घालून जात.

पुढे २०१० च्या हंगामात आक्रीत घडले. मंदी आली होती, वाईनचा खप आटला होता. कारखान्याने माल उचलायचे नाकारले. वाईनची द्राक्षे बाजारात नेऊन विकावीत म्हटले, तर मणी बारीक, आत बिया, साल जाड, कोण खाणार? घड वेलीवरच सुकले. आसपासच्या कित्येकांनी बागा उपटल्या. भावानेही कुऱ्हाड काढली. त्या दिवशी नाना विहिरीचा वळसा सोडून सरळ बागेत आले आणि म्हणाले, “करार कारखान्याने मोडला. वेल तुझ्याशी खोटं बोललेली नाही. जित्या वेलीवर कुऱ्हाड घालायची नाही.”

वेली राहिल्या. तीन वर्षांनी दुसऱ्या कारखान्याने त्या द्राक्षांना भाव दिला. नाना २०१६ साली गेले, आणि त्यांच्यामागे भावाने त्यांची माळ गळ्यात घातली. म्हणजे गंमत अशी झाली की, जो वर्षभर राबून वाईनची द्राक्षे पिकवतो, डावणी आणि भुरीशी झगडतो, गोडी भरली की नाही हे यंत्राच्या काचेत डोळा घालून पाहतो, त्याला ती वाईन कशी लागते हे कधीच कळणार नाही.

मी अमेरिकेला निघालो तेव्हा त्याने ही बाटली माझ्या हातात ठेवली. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षे लागतात. ती किती गावांची असतात, कोण सांगणार? “पण दादा, त्यात आपली मूठभर तरी असतील. तू चव घे आणि मला सांग. नीट सांग.” स्क्रूही त्यानेच आणून दिला होता. “तिकडे पंचाईत नको,” म्हणाला.

आता या प्रवासाचे कायदे ऐका. विमानात हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही. म्हणून ती लोकरी बंडीत गुंडाळून मोठ्या पेटीत गेली. अमेरिकेत उतरताना प्रौढ माणसाला एक लिटरपर्यंत मद्य विनाजकात नेता येते. त्यात ती बसली. पुढे जहाज. तिथे नेमके उलटे! सहलीच्या बऱ्याचशा जहाजांवर पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढाला वाईनची एक बाटली नेऊ देतात, पण ती हातातल्या सामानात हवी, पेटीत चालत नाही. व्हिस्की, रम, बिअर तर बिलकूल नाही. कारण जहाजाची कमाई तिकिटाखेरीज वरच्या खर्चावरही, आणि त्यातही पेयांवर बरीच असते. जहाज म्हणजे तरंगते गाव असे म्हणतात. मला ते तरंगते सरकारी कार्यालय वाटले.

धक्क्यावरच्या तपासनीसाने बाटली पाहिली, लेबल वाचले आणि ती परत दिली. मग त्याच्या हाती स्क्रू लागला. त्याला वरचा कागद कापायची करंगळीच्या नखाएवढी सुरी होती. ती त्याने उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि नम्रपणे सांगितले, की हे हत्यार आठवडाभर आमच्या ताब्यात राहील. उतरताना पावती दाखवून न्यावे. झाले! बाटली वर गेली आणि किल्ली खाली राहिली. आमच्या सौ. म्हणाल्या, “तुमच्या भावाचं नशीबच असं बुचाचं.”

दुसऱ्या रात्री जेवणाच्या दालनात आम्ही ती बाटली घेऊन गेलो. मुलगी म्हणाली, “बाबा, इथे बूच काढायचेही पैसे पडतात हं. वीस डॉलर.” सौ.चा विश्वासच बसेना. “अहो, वाईन आपली, तोंड आपलं, आणि वीस डॉलर कसले? उद्या नारळ फोडायचे मागतील!” पण मला त्या वीस डॉलरचे काही वाटले नाही. ती बाटली खोलीत चोरून पिण्यासाठी नव्हतीच. ती चारचौघांत, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर उघडायची होती.

वेटर आला तो गोव्याचा निघाला. जगातल्या जहाजांवर गोव्याची पुष्कळ माणसे आहेत. त्याने बाटली दिव्याखाली धरली, ‘नाशिक’ वाचले आणि एकदम इंग्रजी टाकून विचारले, “खंयचे तुम्ही, काका?” मग त्याने खिशातून आपला स्क्रू काढला. घडीचा, चाकूसारखा. १८८२ साली कार्ल विन्के नावाच्या जर्मन माणसाने ही रचना शोधली आणि अजून जगभरचे वेटर तीच वापरतात. त्याहूनही मौजेची गोष्ट म्हणजे बूच काढायच्या स्क्रूचे पहिले पेटंट १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युएल हेन्शॉल यांनी घेतले, आणि ते होते पाद्री. देवाच्या माणसांचे आणि द्राक्षवेलीचे नाते आमच्या घरापुरतेच गुंतागुंतीचे नाही, हे वाचून मला मोठा धीर आला होता.

बूच हलकेसे ‘टप’ करून निघाले. मी पहिला घोट घेतला. खरे सांगतो, ती मला आवडली की नाही हे मी पाहतच नव्हतो. उद्या फोनवर काय सांगायचे याचे शब्द मी जुळवत होतो. सौ.नी ओठ लावले आणि म्हणाल्या, “द्राक्षासवाची मोठी बहीण आहे. पण गोड नाही.”

तिसऱ्या दिवशी जूनोला उतरून संध्याकाळी फोन लावला. तिकडे पहाट उलटून गेली होती. भाऊ बागेतच होता.

“कशी होती, दादा?”

“तुरट.”

तो गप्प झाला. “म्हणजे वाईट?”

“नाही रे. आधी तुरट, मग मिरी चावल्यासारखी. आणि गिळल्यावरही बराच वेळ तोंडात काहीतरी उरतं.”

“तुरटपणा सालीचा,” तो लगेच म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता. “साल जाड असते ना तिची. मिरीचं म्हणतात लोक शिराझला. म्हणजे खरंच लागते तशी!” मग थोडे थांबून म्हणाला, “नाना असते तर त्यांनी विचारलं नसतं. पण ऐकलं असतं.”

ते बूच मी जपून आणले. बूच ज्या ओकच्या सालीचे होते त्या झाडाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जगातले जवळजवळ निम्मे बूच पोर्तुगालमध्ये तयार होते. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर त्याची साल प्रथम काढतात. पुढे दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या कामाची नसते. म्हणजे लावल्यापासून बाटलीत बसण्याजोगे बूच मिळायला चाळीसहून अधिक वर्षे जातात. आणि एवढे करून झाड तोडत नाहीत, ते उभेच राहते. जो ते लावतो, तो बहुधा नातवासाठी लावतो.

गणपतीत गावी गेलो तेव्हा बूच भावाच्या हातावर ठेवले. एक बाजू जांभळी पडली होती. त्याने ते नाकाशी नेले आणि डोळे मिटून उभा राहिला. “वासाला माळ आडवी येत नाही, दादा,” म्हणाला. मग त्याने ते छाटणीच्या कात्रीच्या डब्यात टाकले. तिथे ते अजून आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्याची ऑक्टोबर छाटणी उरकलेली असेल आणि नानांनी वाचवलेल्या वेलींवर नवी फूट दिसू लागली असेल. यंदा गारपीट होऊ नये, एवढेच आपण सर्वांनी म्हणू या.